काका गणपतीला गावी गेले की

पत्राचा सारांश: अंधेरीतल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत डेटाबेस टीम सांभाळणाऱ्या एका वाचक ठाण्याहून लिहितात. टीम पाच जणांची, पण भिस्त दोघांवरच. एक ५२ वर्षांचे सीनियर डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारे तज्ज्ञ, ज्यांना ऑफिसात सगळे काका म्हणतात. याच कंपनीत त्यांना १७ वर्षं झाली. दुसरी त्यांच्या हाताखाली तयार झालेली तिशीतली सहकारी. गेल्या गणपतीत काका देवगडला गावी असताना रात्री साडेअकराला मुख्य ओरॅकल डेटाबेसची आर्काइव्हची, म्हणजे झालेल्या बदलांच्या नोंदी साठवायची, जागा भरली आणि व्यवहार ठप्प झाले. सहकारी तापाने आडवी. घरात मोबाइलला रेंज नाही म्हणून काका बॅटरी घेऊन सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर, चढले आणि ४० मिनिटं फोनवर एकेक कमांड सांगत राहिले. आता वरिष्ठांचं फर्मान आहे: सहा महिन्यांत काकांवरचं अवलंबून राहणं संपवा, दोन नवी माणसं घ्या, मग काकांचं बघू. तीनदा सांगूनही काकांनी डॉक्युमेंटेशन लिहिलेलं नाही. "ते मुद्दाम दाबून ठेवतात का, असा संशय येतो. ज्यांनी मला काम शिकवलं त्यांच्याबद्दल असं मनात येतं याची लाजही वाटते. त्यांना विश्वासात घेऊ, की नव्या माणसांकडून गुपचूप सगळं काढून घेऊ?"

त्या रात्रीबद्दल तुम्ही दीड पान लिहिलंय. त्यातलं एक वाक्य मात्र जाता जाता आलंय. दुसऱ्या दिवशी आभार मानायला तुम्ही देवगडच्या घरी लँडलाइनवर फोन केलात, तो काकांच्या आईने उचलला आणि विचारलं, "तुमच्याकडे दुसरो कोण नाय काय?" तुमच्या वरिष्ठांच्या फर्मानापेक्षा मला हा प्रश्न जास्त नेमका वाटला.

आधी संशयाबद्दल. माहिती दाबून बसणारी माणसं असतात, मी पाहिली आहेत. पण तुमच्याच पत्रातला पुरावा काकांच्या बाजूचा आहे. लपवायचंच असतं तर "रेंज नव्हती" म्हणून ते सकाळपर्यंत झोपले असते आणि कुणाला ब्र काढता आला नसता. तुमची ती सहकारी कुणाच्या हाताखाली तयार झाली? आणि तुम्ही?

मग लिहीत का नाहीत? एक तर, सवड नाही हे खरंच असणार. पण त्याहून मोठं कारण असं, की आपल्याला काय काय येतं हे त्यांचं त्यांनाच सांगता येत नाही. त्या रात्रीचंच घ्या. ओआरए-००२५७ ही चूक दिसली, म्हणजे आर्काइव्ह लॉग ठेवायची जागा भरली, म्हणजे डेटाबेस नवीन बदल स्वीकारणार नाही. इतकं कुठल्याही पुस्तकात आहे. घाबरलेला नवखा माणूस काय करेल? फोल्डरमध्ये जाऊन जुन्या फाइली सरळ उडवेल. जागा होईल, व्यवहार सुरू होतील, टाळ्याही पडतील. पण त्यातले काही लॉग अजून डीआरच्या स्टँडबायपर्यंत, म्हणजे संकटकाळासाठी दुसरीकडे तयार ठेवलेल्या डेटाबेसच्या प्रतीपर्यंत, पोचलेच नसतील, तर स्टँडबाय तिथेच अडकून पडेल. त्यांचा बॅकअप झाला नसेल, तर उद्या रिस्टोअर करताना, म्हणजे बॅकअपवरून डेटा परत उभा करताना, साखळी मधेच तुटलेली निघेल. काकांनी तुम्हाला आधी स्टँडबाय कुठवर आलाय ते बघायला लावलं, मग बॅकअप तपासायला, आणि मग आरमॅन या ओरॅकलच्या बॅकअपच्या साधनातून लॉग काढायला. बघा-काढा इतकंच तुम्ही वहीत उतरवलंत. "अमुक करू नका" हा भाग त्यांनी उच्चारलाही नसेल, कारण तो त्यांच्या बोटांत आहे. आमटीत गूळ किती घालायचा विचारलं की आजी "बेताने" म्हणते, त्यात तिची लबाडी नसते.

तिसरं कारण भीती. मुंबईत, आयटीत, ५२व्या वर्षी, १७ वर्षं एकाच कंपनीत राहिलेल्या माणसाला "तुमचं सगळं लिहून द्या" म्हटलं की पुढचं वाक्य त्याला न सांगता ऐकू येतं. आणि काकांना ते चुकीचं ऐकू आलेलं नाही. "मग काकांचं बघू" असं तुमचे वरिष्ठ म्हणालेच आहेत. यावर शेवटाकडे येते.

आता माझं थोडं सांगते, कारण एकेकाळी अशी काकू मीच होते. २६ जुलै २००५ ला मी कामासाठी अंधेरीला गेले होते आणि परतताना कुर्ल्याच्या अलीकडे अडकले. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला ७३. फोर्टातल्या आमच्या ऑफिसात लोक खिडकीतून नेहमीचा पाऊस बघत होते. तिथे सगळं चालू होतं, फक्त रात्री आपोआप चालणाऱ्या कामांची बॅच मधेच लटकली होती आणि ती कुठून पुन्हा सुरू करायची हे एका माणसाला ठाऊक होतं. तो माणूस गुडघाभर पाण्यात उभा होता, त्याचा फोन लागत नव्हता. मी पोचले दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. दहा मिनिटांचं काम होतं. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "हिच्याशिवाय आपलं पान हलत नाही." ओल्या कपड्यांत उभी राहून मी इतकी सुखावले की काय सांगू. पुढची सहा वर्षं मी एकही सलग आठवडा रजा घेतली नाही, आणि त्यात मला कुणी फसवतंय असं एकदाही वाटलं नाही. माझ्या जागी दुसरं माणूस तयार करण्याचा खर्च कंपनी वाचवत होती आणि मी तो कौतुकाच्या बदल्यात भरत होते. हे कळायला मला नोकरी सोडावी लागली.

म्हणून "काकांवरचं अवलंबून राहणं कसं संपवू" हा प्रश्न थोडा फिरवून बघा. काकांना खरी रजा कशी देता येईल? लॅपटॉप नाही, फोन नाही, दहा दिवस. हे माझं लाडकं खूळ आहे असं वाटलं, तर बँकांकडे बघा. संवेदनशील पदांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा सलग किमान १० कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवा, तेही आधी न कळवता, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे. त्या काळात कामाशी संबंधित कशातही त्यांना प्रवेश द्यायचा नाही, अपवाद फक्त ऑफिसच्या ईमेलचा. नियमाचा हेतू गैरव्यवहार उघडे पाडण्याचा आहे. पण त्याचा एक परिणाम असा, की त्या खुर्चीचं काम दुसऱ्या कुणाला तरी यावंच लागतं. तुमची कंपनी बँक नसली तरी कल्पना उचलायला पैसे पडत नाहीत.

एकदम दहा दिवस नको. मी पुढे ज्या टीममध्ये गेले तिथे आम्ही आठवड्यातला एक दिवस ठरवला होता. तुमच्याकडे त्याला "देवगडचा बुधवार" म्हणा. त्या दिवशी काका ऑफिसात येतील, पण देवगडात आहेत असं समजायचं. दुसऱ्या मजल्यावर बसू दे, रखडलेलं अपग्रेड वाचू दे, कँटीनमध्ये कटिंग पिऊ दे. जे येईल ते बाकीच्यांनी निभवायचं. अगदीच अडलं, किंवा डेटा जाण्याची भीती असली, तरच वर जायचं. पण वर जाणाऱ्याने का गेलो ते एका ओळीत शीटवर लिहायचं. चार बुधवारांत जी यादी होईल, ती तुमची डॉक्युमेंटेशनची खरी यादी. काकांना "सगळं लिहा" म्हणणं म्हणजे समुद्राला "स्वतःचं वर्णन कर" म्हणण्यासारखं आहे. ही यादी मात्र वीस-पंचवीस ओळींची निघेल आणि त्यातल्या निम्म्या ओळी तुम्हाला चकित करतील.

त्या ओळींवरचे कागद काकांनी लिहायचे नाहीत. ही माझी एकच हट्टी अट आहे. ज्याला ते काम येत नाही त्याने कीबोर्डवर बसायचं, काकांनी हात मागे बांधून शेजारी, आणि बसणाऱ्याने करता करता लिहायचं. "हे का?" आणि "हे न करता ते केलं तर काय बिघडेल?" हे दोन प्रश्न प्रत्येक पायरीला विचारायचे. काकांनी फक्त खाडाखोड करायची. मग तो कागद तिसऱ्या माणसाच्या हाती द्यायचा, ज्याने यातलं काही पाहिलेलं नाही, आणि त्याला ते टेस्ट सर्व्हरवर एकट्याने करू द्यायचं. तो जिथे थांबेल तिथे कागद अपुरा आहे. हात मागे बांधणं काकांना फार जड जाईल, हे आधीच सांगून ठेवते. दोन मिनिटांच्या कामाला समोरचा वीस मिनिटं लावतोय हे बघणं म्हणजे छळ असतो.

कागद झाला म्हणजे काम आलं, असंही नाही. रेल्वेत मोटरमनला प्रत्येक मार्ग आधी शिकावा लागतो, आणि एखाद्या मार्गावर तीन महिन्यांहून अधिक काळ गाडी नेली नसेल तर तो पुन्हा शिकून घ्यावा लागतो. सिग्नल कुठे, चढ कुठे, हे नकाशावर असतंच की. तरीही. म्हणून एक साधा तक्ता करा. आडव्या ओळींत कामं, उभ्या रकान्यांत माणसं, आणि चौकटींत एकट्याने शेवटचं कधी केलं ती तारीख. "येतं / येत नाही" लिहिलंत तर सगळे "येतं" लिहितील. तारीख मागितली की खरं बाहेर येतं. ज्या ओळीत एकच तारीख आहे, किंवा सगळ्याच तारखा जुन्या आहेत, तिथून सुरुवात.

सगळ्या ओळींना समान वजन देऊ नका. रिस्टोअर सर्वांत वर. बॅकअप "सक्सेसफुल" दिसतो म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी प्रोग्रॅमर आपला कोड जिथे ठेवतात त्या गिटलॅबची ३१ जानेवारी २०१७ ची रात्र पुरेशी आहे. दमलेल्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटा उडवला. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरल्यावर त्याचा हात थांबला. मग शोधाशोध केली तर नेहमीचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे कधीचा बंद पडलेला होता, आणि तो बंद पडल्याच्या सूचनेचे मेल कुणापर्यंत पोचतच नव्हते. वाचले ते कुणीतरी भलत्याच कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटमुळे, म्हणजे डेटाच्या त्या क्षणाच्या प्रतीमुळे. गिटलॅबनं हे सगळं स्वतःच जगजाहीर केलं, त्याचं मला आजही कौतुक वाटतं. तुमच्याकडे महिन्यातून एकदा, दर वेळी वेगळ्या माणसाने, काकांना न विचारता, मुख्य डेटाबेसचा बॅकअप दुसऱ्या मशिनवर उभा करून दाखवायचा. किती तास लागले ते लिहायचं. हे जमलं की निम्मी भीती गेली.

यादीच्या तळाशी तुम्हाला दोन-तीन अशा वस्तू सापडतील ज्या काकांशिवाय कुणी हातच लावत नाही: कुठला तरी जुना रिपोर्टिंग सर्व्हर, कुणी तरी बारा वर्षांपूर्वी मागितलेली एक्स्पोर्टची स्क्रिप्ट. ते कुणाला शिकवण्याच्या भानगडीत पडण्याआधी विचारा, याचा रिपोर्ट शेवटचा कुणी उघडला? बंद करता येणारी गोष्ट शिकवत बसू नये.

आणि किल्ल्या. हे काम याच आठवड्यात करा, कारण याला कुणाचीच मर्जी सांभाळावी लागत नाही. क्लाउडच्या मुख्य खात्याचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो? ओरॅकलच्या सपोर्ट पोर्टलवर कंपनीच्या वतीने नाव कुणाचं आहे? एन्क्रिप्शनच्या वॉलेटचा पासवर्ड कुठे लिहिलाय? सर्टिफिकेट संपत आल्याची आठवण कुणाच्या खासगी कॅलेंडरमध्ये वाजते? आणि रात्रीचे किती जॉब, म्हणजे आपोआप चालणारी कामं, काकांच्या स्वतःच्या लॉगिनखाली चालतात? हा शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. माणूस नोकरी सोडतो, एचआर शेवटच्या दिवशी त्याचं खातं शिस्तीत बंद करतं, आणि त्या रात्री जॉब चालतच नाहीत. पासवर्ड व्हॉल्टमध्ये, म्हणजे पासवर्ड सुरक्षित ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, जाऊ दे, व्हॉट्सॲपवर नको. अगदी आणीबाणीसाठी एक सीलबंद लिफाफा तिजोरीत, उघडला तर कुणी उघडला याची नोंद. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सिस्टीमचे लॉग १८० दिवस जपावे लागतात, पण सगळे एकाच लॉगिनने आत शिरत असतील तर त्या लॉगमध्ये माणूस दिसणारच नाही.

नवी माणसं घ्या, जरूर घ्या. फक्त हिशेब नीट मांडा. चांगल्या माणसाला आधीच्या कंपनीत ९० दिवसांचा नोटिस पीरियड असतो. तुमच्या सहा महिन्यांतले तीन तिथेच गेले, आणि उरलेल्या तिनात त्यांना शिकवणार कोण? काकाच. गुपचूप काढून घेण्याचा बेत इथेच मोडतो. काकांनी मनापासून शिकवल्याशिवाय नवा माणूस म्हणजे महागडा प्रेक्षक.

"सगळं क्लाउडवर टाकू, मॅनेज्ड सर्व्हिस घेऊ" असंही कुणीतरी म्हणेलच. चुकीचं नाही. पॅचिंग, बॅकअप, डिस्क भरणं या कटकटी बऱ्याच कमी होतात. पण सेटलमेंटची फाइल यायच्या आधी अमुक जॉब का चालवायचा नाही, हे कुठल्याही क्लाउडला माहीत नसतं. बाहेरच्या कंपनीला ठेका दिलात तर तिथेही सहा महिन्यांत एक काका तयार होतो, फक्त तो तुमच्या पगारपत्रकावर नसतो. ऑटोमेशनचंही तसंच. स्क्रिप्ट काकांच्या होम डिरेक्टरीत पडून असेल तर तो आणखी एक मुका काका. गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद राहते अशा सामायिक जागी, टाका, आणि दुसऱ्याने वाचून मान्य केल्याशिवाय बदल नको.

तुमच्या त्या तिशीतल्या सहकारीबद्दल तुम्ही फारसं लिहिलं नाहीत, आणि त्याची मला काकांहून जास्त काळजी वाटते. काकांचा भार उतरवायच्या नादात तो तिच्या डोक्यावर ठेवू नका. ती हुशार आहे, म्हणजे तिला बाहेरून फोन येत असणार. रात्रीच्या कॉलची पाळी चौघांत फिरवा, पाळीचे पैसे द्या, रात्र जागली तर सकाळची सुट्टी न मागता द्या. पाळीवर असेल त्याने आधी कागद बघून वीस मिनिटं स्वतः झटायचं, मग दुसऱ्याला उठवायचं. काका तिसरे. सुरुवातीला दुरुस्तीला वेळ जास्त लागेल, हे वरिष्ठांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर पहिल्याच लांबलेल्या रात्री "काकांना का नाही उठवलं?" म्हणून तेच ओरडतील आणि सगळं मुसळ केरात.

आता विश्वासात घ्यायचं की नाही. घ्यायचंच, पण त्याआधी वरिष्ठांकडे जा आणि "मग काकांचं बघू" म्हणजे नेमकं काय ते विचारा. काकांना शिकवण्याची आणि आर्किटेक्चरची जागा, तीही पदाच्या नावासकट, आणि या वर्षीच्या मूल्यमापनात "किती जणांना तयार केलं" याला ठसठशीत वजन, एवढं तुम्ही लेखी मिळवलंत, तर काकांसमोर ताठ मानेने बसाल. "मला तुमच्या जागी दुसरं कुणी नकोय, तुमच्या शेजारी तीन जण हवेत," हे तेव्हा खरं असेल. लेखी मिळालं नाही, तर हे वाक्य उच्चारू नका. जे तुमच्या हातात नाही त्याचं वचन गोड बोलून देऊ नका. तुमच्या हातात आहे तेवढंच सांगा: रात्रीचे फोन कमी होतील, रजा खरी असेल, आणि शिकवलेलं काम त्यांच्या नावावर लिहिलं जाईल. उद्या बाहेर मुलाखत द्यायची वेळ आलीच तर "मी एकटा सांभाळायचो" यापेक्षा "मी टीम उभी केली" हे वाक्य त्यांनाही जास्त उपयोगी पडेल. वरिष्ठांचा बेत त्यांना काढण्याचाच आहे असं स्पष्ट झालं, तर मला पुन्हा लिहा. तो सल्ला वेगळा असेल, आणि निम्मा तुमच्या स्वतःच्या नोकरीबद्दल.

आणि लाज वाटते म्हणालात, तर सड्यावरच्या त्या ४० मिनिटांबद्दल काकांना एक दिवसाची बदली रजा अजून दिली गेली आहे का, ते बघा. पत्रात तसा उल्लेख नाही.

कोकणच्या गाड्यांचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तुमची मुदत तीच धरा. तोवर आठ बुधवार आणि दोन रिस्टोअर व्हायला हवेत. त्या सकाळी काका नेहमीप्रमाणे तिकिटासाठी झगडत असतील, तेव्हा त्यांना परतीची तारीख नीट दहा दिवसांनंतरची टाकायला सांगा. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा लॅपटॉप तुमच्या कपाटात ठेवून घ्या, पाळीच्या यादीतून त्यांचा नंबर काढा, आणि काकांच्या आईसाठी दादरहून काहीतरी गोड पाठवा.